डावा बूट

मिरजेच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर मेढ्याकडचा एक रिटायर फौजी होता. गुठळीनं त्याच्या डाव्या पायाचं रक्त अडलं होतं. डॉक्टरांनी रक्तवाहिनीत घालायची नळी नमुना म्हणून दाखवली. तिच्या टोकाचा फुगा गुठळीपलीकडं फुगवून मागं ओढायचा. गुठळी निघाली नाही तर पाय काढावा लागेल, म्हणाले.

त्यानं नळी वाकवून बघितली. "हत्यार लय बारीक हाय. पर चालंल."

बायको डोळे पुसत त्याचे बूट पिशवीत भरायला लागली.

"आगं, हितंच ठेव. दोनी!" तो ओरडला आणि कळ सोसत बुटांना पॉलिश करत बसला, डाव्याला जरा जास्तच. मी मात्र साध्या प्लॅस्टरपायी कण्हत होतो.

संध्याकाळी त्याला ऑपरेशन करून परत आणलं. डॉक्टर म्हणाले, "पाय वाचला. बोटं हलवून दाखवा."

"बोटं काय हलवायची? बूट द्या, चालून दावतो."