डॉक्टर नाशिकला, माहेर मालेगावला

“तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी माझी डिलिव्हरी कोण करणार?”

खुर्चीत नीट बसायच्या आधीच रूपालीने विचारलं. पाचवा महिना होता. पहिलं सिझर, आता नॉर्मल हवं होतं. इंदिरानगरला माझं छोटं मॅटर्निटी हॉस्पिटल आहे. तिने गाठलेली मी चौथी डॉक्टर.

रूपाली सिन्नरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांकडे जाऊन त्यांचं काम तपासायचं, म्हणजे व्हेंडर ऑडिट, ही तिची नोकरी. त्या दिवशी व्हेंडर मी होते.

“पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं?”

“एकदा सिझर म्हणजे कायम सिझर.”

“दुसऱ्या?”

“बघू म्हणाले. आमच्याकडे व्हेंडर ‘बघू’ म्हणाला की माल येत नाही.”

“आणि तिसऱ्या?”

“शंभर टक्के नॉर्मल करून देतो म्हणाले. तिथून तर मी लगेच उठले.”

तिचं बरोबर होतं. सिझरनंतरच्या नॉर्मल डिलिव्हरीला आम्ही व्हीबॅक म्हणतो. गर्भाशयावर जुना टाका असतो. कळांच्या ताणाने तो क्वचित उसवतो. उसवला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं, ताबडतोब ऑपरेशन करावं लागतं. त्यामुळे शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही. सपोर्टिव्ह डॉक्टर म्हणजे प्रयत्न करू देणारा, आणि तो कधी थांबवायचा हे आधी सांगणारा. गोड बोलणारे पुष्कळ असतात.

रूपालीची केस चांगली होती. पहिलं बाळ पायाळू होतं म्हणून सिझर झालं. टाका आडवा, खालच्या बाजूला. मधे तीन वर्षं गेलेली. तिने भूलतज्ज्ञ किती लांब राहतात ते विचारलं, ऑपरेशन थिएटर पाहिलं, जनरेटर सुरू करून दाखवायला लावला. माझ्या रजेत येणाऱ्या डॉक्टरांना फोन लावून त्यांचीही दहा मिनिटं उलटतपासणी घेतली. मग म्हणाली, “चालेल.” कित्येक वर्षांत मला कोणी पास केलं नव्हतं. बरं वाटलं.

सातव्या महिन्यात ती आईला घेऊन आली.

“मॅडम, पुढच्या आठवड्यात माहेरी मालेगावला जातेय. प्रवास चालेल ना?”

“परत कधी?”

“बाळ सव्वा महिन्याचं झालं की.”

मी पेन खाली ठेवलं. “म्हणजे डिलिव्हरी मालेगावला?”

रूपालीने मान डोलावली. बाळंतपण माहेरीच, हे तिच्या घरात इतकं गृहीत होतं की त्याचा आणि डॉक्टर निवडण्याचा संबंध तिच्या डोक्यातच आला नव्हता.

“ऑडिट एका व्हेंडरचं आणि ऑर्डर दुसऱ्याला,” मी म्हटलं. “कंपनीत चालतं का गं असं?”

“मालेगावमा दवाखाना नही शे का?” आई मुलीला अहिराणीत म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “लय चांगले डॉक्टर हायेत आमच्याकडं.”

“आहेत की. पण टाका असताना नॉर्मल करायला त्यातलं कोण तयार आहे?”

“पहिल्या खेपेला ज्यांनी केलं, त्यांना भेटले ना मी. ते म्हणले, घेऊन या, सिझरची तारीख देऊन टाकू.”

रूपालीचा चेहरा उतरला. कळा सुरू झाल्यावर गाडीने नाशिकला येईन, असं ती म्हणाली. मी नाही म्हटलं. उसवायला निघालेला टाका हायवेवरच्या ट्रॅफिकसाठी थांबत नाही.

“मग तुम्हीच या इथे नाशिकला, लेकीकडे,” मी आईला सुचवलं.

“जावयाच्या घरी तीन महिने? विहीणबाई काय म्हणतील?”

आठ दिवस काही कळलं नाही. मग आई एकटीच आली.

“ठरलं मॅडम. तुमच्या मागच्या गल्लीत माझा भाऊ राहतो. मामाचं घर म्हणजे माझं माहेर. माझं माहेर ते लेकीचं माहेर नाय का?”

“भावाला विचारलंत?”

“त्याला काय विचारायचं? भाऊबिजेला साडी देतो, तीन महिने खोली नाय देणार?”

दिवस भरल्यावर एका सकाळी मामाच्या घरी कळा सुरू झाल्या. दुपारी प्रगती मंदावली. आईने दारातून डोकं आत घातलं. “मॅडम, बघवत नाय. कापून टाका.” पाठोपाठ रूपालीही ओरडली, “करा सिझर!”

बाळाचे ठोके मॉनिटरवर दिसत होते, नीट होते. टाक्यापाशी वेगळं दुखत नव्हतं. थिएटर तयार होतं, भूलतज्ज्ञ खाली चहा पीत होते.

“ही कळ जाऊ दे,” मी म्हटलं. “मग परत विचारते. तेव्हाही हवं असेल तर करू.”

कळ ओसरली. “करायचं?”

“थांबू अजून थोडं,” ती म्हणाली.

दिवेलागणीला मुलगी झाली. नॉर्मल. भूलतज्ज्ञ दुसरा चहा संपवून घरी गेले. व्हीबॅकच्या दिवशी त्यांना काम मिळालं नाही की सगळ्यांना आनंद होतो, त्यांनाही.

हल्ली व्हीबॅकसाठी कोणी आली की टाक्याची चौकशी मी नंतर करते. आधी विचारते, माहेर कुठलं? डॉक्टर बहुतेकींनी चार ठिकाणी फिरून निवडलेला असतो. बाळंतपणाचं गाव कोणी निवडलं, हे मात्र एकीलाही सांगता येत नाही.