बुनीने खुडलेली पानं

बुनी डोंगरातली पोर. गांगवॉनच्या ज्या खोऱ्यात ती वाढली, तिथल्या पोरी चालायच्या आधी भाजी खुडायला शिकतात असं म्हणायचे. लग्न होऊन वोंजू शहरात आली, पस्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली ढवळली, पण रानभाजीचा विषय निघाला की बाई अजून ताठ. "डोळे मिटून ओळखते मी." नवरा दोकमान जन्मभर बस चालवलेला. त्याला मुळ्याचा पाला आणि पालक यातला फरकही सांगावा लागे.

यंदा मे महिन्यात लेकीने, युन्जूने, दोघांना तंबू घेऊन दिला. "एकदा तरी फिरा, आई." डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकला. पहिल्या दिवशी बुद्धाचं देऊळ पाहून झालं. दुसऱ्या दिवशी धबधबा बघायला दोन तासांची चढण चढली. डब्यात भात, उकडलेलं डुकराचं मटण आणि सोयाबीनचं खारट वाटण. गोमच्वी या रानभाजीची रुंद पानं मात्र बुनीने वाटेत ओढ्याकाठी खुडली. भाजी तोडू नये, अशी पाटी खालीच होती.

"पाटी शहरातल्यांसाठी असते," बुनी म्हणाली.

धबधब्यापाशी बसून तिने पानावर भात ठेवला, मटणाचा तुकडा, वर बोटभर वाटण, आणि गुंडाळी करून नवऱ्यापुढे धरली. "आ करा." आमच्याकडे पहिला घास असा हाताने भरवतात. बुनी खुशीत होती, तिने एकामागून एक बारा घास भरवले. स्वतः नुसता मऊ भात खाल्ला, नवी कवळी बोचत होती म्हणून.

उतरताना अर्ध्या तासात दोकमान मटकन खाली बसला.

"युन्जूची आई, जिभेला मुंग्या आल्यात गं."

"चढणीने होतं तसं. पाणी प्या."

पाणी प्यायला आणि सगळं ओकला. मग पुन्हा ओकला. तोंड पांढरंफटक, कपाळावर थंडगार घाम. बुनीला आधी वाटलं, मटण आंबलं असेल. पिशवीत चारपाच पानं उरली होती, ती तिने काढून पाहिली. उन्हात ती तेल लावल्यासारखी चमकली.

तिची आई म्हणायची, गोमच्वीला एक सावत्र बहीण असते. पाण्याकाठी राहते, अंगाने गुळगुळीत, पण तिला वास नाही. आणि ती पोटात गेली की माणूस उरत नाही. बुनीने पान चुरगळून नाकाशी धरलं. काहीच नाही. पण सकाळी तरी कुठे काही आलं होतं? हिवाळ्यातल्या तापापासून तिच्या नाकाला कशाचाच वास येत नव्हता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर बुनी कसली राहिली!

ती धडपडत ओढ्याकडे गेली. तसलीच पानं, आणि मध्ये इवलीशी पिवळी फुलं. गोमच्वी मे महिन्यात फुलत नाही, पाऊस सरल्यावर फुलते. बुनी तशीच मागे धावली.

फोनला रेंज नव्हती. तिने नवऱ्याला कुशीवर निजवलं, डोक्याखाली पिशवी दिली.

"कुठे चाललीस?"

"वर, खिंडीत. फोन करायला. डोळे मिटू नका, सांगून ठेवते."

"हालता येत नाही, जाणार कुठे मी," तो पुटपुटला.

वाटेच्या कडेला आकडा लिहिलेला खांब असतो, हरवलेल्या माणसाला शोधायला. तो आकडा बुनी जपासारखा म्हणत चढली. विसरला तर? परत येईपर्यंत हा गेला तर? एका वळणावर आकड्याचा शेवट डोक्यातून निघून गेला आणि ती उभ्या उभ्या रडली. मग आठवला.

मदतकेंद्रातल्या पोरीने फोनवर आधी आकडा लिहून घेतला, मग विचारलं, "काय खाल्लं त्यांनी?"

मटण म्हटलं असतं, तर अब्रू राहिली असती.

"विषारी पानं. बारा. मीच खुडली, मीच भरवली."

"तुम्ही खाल्लीत?"

"नाही."

बुनीला वाटलं, ही मला काय समजली असेल!

खाली आली तर दोकमानचे डोळे मिटलेले. तिने गालावर चापट मारली, मग दुसरी, जरा जोरात.

"एवढं भरवलंस ते कमी पडलं, म्हणून आता मारतेस?"

ती त्याचं मनगट धरून बसली. नाडी लागायची, मग थांबायची. थांबली की बुनीचाही श्वास थांबायचा. तास दीड तासाने स्ट्रेचर घेऊन माणसं आली, तोवर ती अशीच बसून होती.

इस्पितळात उरलेली पानं तिने डॉक्टरांच्या हातात दिली. "हृदयाचे ठोके फार मंदावलेत," ते म्हणाले, "सकाळ होऊ द्या."

सकाळ झाली. दोकमानने डोळे उघडून पेज मागितली. बुनीने चमचा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. हात पुढे होईना.

"कडू नव्हतं लागलं तुम्हाला?"

"पहिल्या घासालाच लागलं."

"मग बोलला का नाहीत, मेल्या माणसा!"

"चाळीस वर्षांत तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत. त्या धबधब्यापाशी कशाला सुरुवात करू?"

बुनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मला वास येत नाही हो," ती म्हणाली. "तापापासून. कशाचाच नाही."

दोकमानने पेजेचा चमचा स्वतःच उचलला.

"तरीच," तो म्हणाला. "मला वाटलं, करपलेला भात आता तुला आवडायला लागलाय."