चिरुताच्या भिंतीवरची कादंबरी

माझं उभं आयुष्य विडी कारखान्यात गेलं, पण विड्या मी वळल्या त्या थोड्याच. माझं काम वाचायचं. आमच्या कण्णूरकडे ती रीतच होती. एकानं बाकावर बसून मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी मांडीवर सूप घेऊन वळता वळता ऐकायचं, आणि संध्याकाळी प्रत्येकानं आपल्या ढिगातल्या थोड्या विड्या वाचणाऱ्याच्या ढिगात टाकायच्या. सकाळी वर्तमानपत्र, जेवणानंतर कादंबरी. कुठलं पुस्तक लावायचं ते हात वर करून ठरायचं आणि त्यावरून भांडणंही व्हायची.

चिरुता घरी विड्या वळायची. नवरा कोडगूत कॉफीच्या मळ्यावर, कधीमधी तोंड दाखवणारा. घरात अंथरुणाला खिळलेला सासरा, चार पोरं आणि एक गाय. दुपारी ती बांधलेल्या विड्यांच्या कट्ट्यांची टोपली घेऊन कारखान्यात यायची तेव्हा नेमकी कादंबरी चालू असायची. मुकादम तिचा माल तपासेपर्यंत ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकायची आणि तपासणी संपली की धावतच सुटायची.

त्या वर्षी एका नावाड्याच्या लेकीची कादंबरी लावली होती. पारू तिचं नाव. आईशी भांडून ऐन पुरात होडी घेऊन निघून जाते आणि आई घाटावर वाट बघत राहते. या पारूनं चिरुताला अगदी वेड लावलं. माझं नाव कुंजंबू, आणि आमच्याकडे थोरल्या भावाला येट्टा म्हणतात. रोज जाताना ती मला विचारायची, "कुंजंबूयेट्टा, पोर परत येते का हो?"

"सांगणार नाही. बस आणि ऐक."

"बसते की! गाईची धार तुम्ही काढा मग."

आमच्यातला तोंडाळ पोक्कन लगेच म्हणायचा, "चिरुते, मुकादमाला सांग, जरा हळू तपास."

"तुझ्या विड्या असत्या तर तपासायच्या कशाला, थेट फेकल्याच असत्या," असं म्हणून ती पसार व्हायची.

गावच्या वाचनालयात त्या कादंबरीची एक जुनी, शिवण उसवलेली प्रत होती. ती रद्दीत निघाली तेव्हा मी चिरुताच्या टोपलीत टाकली. म्हटलं, "घे बाई, शेवट तुझी तू वाच." चौथीपर्यंत शिकलेली होती ती. त्यानंतर तिनं विचारणं बंद केलं. मला वाटलं, वाचून झालं असेल.

पुढं एका वर्षी हात वर झाले आणि तीच कादंबरी पुन्हा लावायची ठरली. वाचनालयातली चांगली प्रत कुणा मास्तरांनी पय्यन्नूरला नेलेली. म्हणून मी चिरुताच्या घरी गेलो. म्हटलं, तुझी प्रत दे.

"देता येणार नाही, येट्टा," ती म्हणाली. "या आत, दाखवते."

आत गेलो आणि बघतच राहिलो. चुलीमागची भिंत, पाट्या-वरवंट्यावरची भिंत, विड्या वळायला बसते तो कोपरा, गोठ्याचा खांब, सगळीकडे छापील पानं! पेजेच्या खळीनं चिकटवलेली, डोळ्यांच्या बरोबर उंचीला. बसून करायच्या कामाजवळ खाली, उभ्यानं करायच्या कामाजवळ वर. अख्खी कादंबरी घरभर पसरली होती.

माझं डोकंच फिरलं. "अगं मूर्ख बाई! पुस्तक काय भिंतीला लावायचं असतं? शांतपणे बसून एकेक पान उलटायचं असतं!"

"कोणत्या हातानं? एक शेणाचा, एक तंबाखूचा. पान उलटायला तरी मोकळा हात लागतो, येट्टा. डोळे तेवढे मोकळे असतात माझे."

"मग दोरीला टांगायचीस!"

"टांगलं होतं पहिलं पान. गाईनं खाल्लं."

मला हसू आलं आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला. वरवंटा फिरवता फिरवता दोन ओळी, चूल फुंकताना एक, धार काढताना चार. असं करत करत तिनं घरभर कादंबरी वाचली होती. मला वाचायला वेळ मिळावा म्हणून अख्खा कारखाना बोटं झिजवत होता. हिला कुणी काडीइतका वेळ दिला नव्हता, तरी हिनं तो चुलीतून, गोठ्यातून उकरून काढला. देवाशप्पथ सांगतो, एवढा मोठा वाचणारा माणूस मी पाहिला नाही.

मग ध्यानात आलं. "चिरुते, पानाला दोन बाजू असतात. मागची बाजू भिंतीला लागली, तिचं काय?"

"ती मी मनानं रचली," ती सहज म्हणाली. "सगळी पानं एका रात्रीत घाईनं चिकटवली, मागचं वाचायला सवड कुठली? या पानावर पारू होडीत, त्या पानावर तिच्या पायाला जखम. मग मधे काहीतरी लागलं असणारच. लावला अंदाज."

शेवटचं पान विड्यांच्या कोपऱ्यात होतं. होडी वळणावर दिसते, आई कंदील उंच धरते, आणि पान संपतं. पुढचं मागच्या बाजूला.

"पारू उतरते," चिरुता म्हणाली. "आई एक अक्षर बोलत नाही, गरम पेज वाढते. पोरांना मी हेच सांगते. पण येट्टा, जीव खालीवर होतो हो. पाठीमागं खरं काय आहे? तुम्ही पुस्तकच दिलंत, मग विचारणार कोणत्या तोंडानं?"

मला ठाऊक होतं. पण सांगवेना. म्हटलं, "राहू दे. तुझाच शेवट चांगला आहे."

"नाही. मला ऐकायचंच आहे. शेवटच्या दिवशी तेवढं बसवा मला."

मास्तरांची प्रत परत आली आणि वाचन सुरू झालं. मी कारखान्यात भिंतीची हकिकत सांगितली. कुणी हसलं नाही. पोक्कनच म्हणाला, "वाचणाऱ्याला वाटा असतो, मग ऐकणारीला का नको? त्या दिवसाच्या तिच्या विड्या आपण वळू." सगळे हात वर झाले. गाईची धार काढायला पोक्कननं आपल्या बायकोला धाडलं.

त्या दुपारी चिरुता पहिल्यांदा आत येऊन बसली. हात मांडीवर रिकामे. त्यांचं काय करावं ते तिला कळेना.

शेवटचं पान आलं. मी वाचत होतो आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, सगळं तोंडपाठ. आईनं कंदील उंच धरला. मी पान उलटलं. होडी घाटाला लागली. होडीत कुणी नव्हतं. तळाशी नुसता पारूचा कंगवा.

विडीची पानं कापणाऱ्या कात्र्या थांबल्या. सगळे चिरुताकडे बघत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात रिकामे असून ती पुसत नव्हती.

मग ती उठली आणि टोपली घेऊन दारापर्यंत गेली. तिथं वळून म्हणाली, "बरं झालं, येट्टा, ही बाजू भिंतीला लागली. आमच्या घरी ती जेवून झोपलीय."