वालूरच्या पोरीला घातलेलं गणित

वालूरला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा मी सेलूच्या शाळेत गणिताचा मास्तर होतो. (हे आधीच सांगून ठेवतो, नंतर कुणाचा विश्वास बसणार नाही.)

माझं सगळं शिक्षण उर्दूत, म्हणजे उजवीकडून डावीकडं. निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली आणि हेडमास्तरांनी बजावलं, "आता सगळं डावीकडून!" मी ते फारच मनावर घेतलं.

मुलगी कमल, परभणीला मामाकडं राहून मॅट्रिक झालेली. पोहे झाले. माझे चुलते नाना म्हणाले, "इचार काय इचारायचं ते!"

स्वयंपाकाचं विचारावं की नाही? मी पाटी मागवली!

"f म्हणजे दुप्पट करा, g म्हणजे तीन मिळवा. मग f कंसात g, त्याच्या कंसात दोन. किती?"

"दहा," ती म्हणाली.

"चूक! सात!" दोनाची दुप्पट चार, त्यात तीन. डावीकडून, अगदी शिस्तीत!

"पण मास्तर, आतला कंस आधी सोडवायचा ना?"

"मास्तर कोण हाय इथं?" मी गरजलो. तिच्या वडिलांची, अण्णांची, मान खाली गेली. नाना तर लगेच उठलेच. "पोरगी कच्ची हाय. चला!"

गाव मागं पडलं. बैलगाडीत मी तळहातावर बोटानं गणित मांडलं. आधी g : दोन आणि तीन, पाच. मग f : दुप्पट...

दहा!

"नाना, गाडी वळवा."

"का? काई राह्यलं का तिथं?"

"न्हाई. उत्तर चुकलं."

"तिचं ना?"

"माझं."

नाना तिथंच उतरून सेलूपर्यंत चालत गेले असते तर बरं झालं असतं. पण ते माझ्याबरोबर परत आले आणि जमलेल्या आळीसमोर ओरडले, "पोरगी पास हाय! आमचाच नापास झाला!"

मी मान खाली घालून म्हणालो, "कमलताई, दहाच बरोबर." (लग्नासाठी पाहिलेल्या मुलीला ताई म्हणणारा त्या तालुक्यात मी पहिलाच असेन.)

कमल दारात आली. "चुकलं त्याचं काई न्हाई. पण मी तवाच सांगितलं व्हतं. ते पटायला तुमाला वेशीबाहेर जावं लागलं. मला हे जमायचं न्हाई."

मी अण्णांकडं पाहिलं. या खेपेला त्यांची मान ताठ होती. "पोरगी म्हणती तेच," ते म्हणाले.

पुढं वर्षभरानं दुसरी मुलगी पाहिली. तिला फक्त नाव विचारलं. तिनं सांगितलं, आणि ते मी न तपासता बरोबर धरलं!