टौरियावरचे लघाटेबाबू

यज्ञेश्वर लघाटे यांना गुटख्याच्या पिंकेचे वय सांगता येई. पांढऱ्या चुन्यावर पडलेली पिंक ताजी असेल तर नुसत्या पाण्याने निघते, रात्र उलटली तर काथ्याने घासावी लागते, आणि दोन दिवस गेले तर वरून पुन्हा चुना मारण्यावाचून गती नाही. ही विद्या त्यांना कोणी शिकवली नव्हती. एकवीस वर्षे बरुआटौरच्या हेलिपॅडवर उकिडवे बसून त्यांनी ती मिळवली होती.

बरुआटौर म्हणजे झाशीहून मऊरानीपूरच्या बाजूला, मुख्य सडक सोडून आत, खडकाळ टेकड्यांमध्ये बसलेला कस्बा. इकडे अशा टेकडीला टौरिया म्हणतात. काळे खडक एकावर एक रचून ठेवावेत तशी ती दिसते. लघाटे कस्ब्याच्या समितीत बाबू होते. राहायचे झाशीत. सकाळी साडेसहाच्या बसने जायचे, संध्याकाळी परत. समितीच्या कागदात त्यांच्या नावापुढे ‘हेलिपॅड प्रभारी’ असे लिहिलेले होते. म्हणजे झाडू, चुना, पाण्याची टाकी, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी नळा आणि एक नोंदवही, एवढ्याचे ते मालक. कापडी नळाही त्यांच्या बायकोच्या, कांचनच्या, जुन्या केशरी लुगड्याचा. तिनेच शिवला होता, आणि दर दोन वर्षांनी नवा शिवून द्यायची.

लघाट्यांच्या घराण्यात सात पिढ्या पूजा सांगण्यात गेल्या. यज्ञेश्वररावांना मंत्र फारसे आले नाहीत, पण सोवळे मात्र अंगात उतरले. संध्याकाळी टौरियावरून आले की ते मागच्या दाराने मोरीत जात. कांचन तिथे आधीच बादली भरून ठेवी. अंघोळ होईपर्यंत नातवालासुद्धा जवळ येऊ देत नसत.

“सासूबाईंचं सोवळं तुम्ही त्या हेलिपॅडला नेसवलंत,” कांचन म्हणायची.

“हेलिपॅडला नेसवलंय म्हणूनच स्वच्छ राहिलंय. माणसांना नेसवता येत नाही.”

त्यांना माणसांची किळस येई, आणि ती त्यांनी लपवलीही नाही. निवडणुका आल्या की पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरे उतरत. पुढारी हात हलवून गाडीत बसून जात, आणि मागे काय राहत असे ते लघाट्यांनी पाहावे. पुरीभाजीचे द्रोण, चुरगळलेले झेंडूचे हार, पाण्याच्या पिशव्या. कापडी नळ्याच्या खांबाआड तर लोक रांगेने उभे राहत. त्यांना हटकले की म्हणत, “खुली जगह है बाबूजी.” खुली जागा म्हणजे घाण करायचा परवाना, अशीच सगळ्यांची समजूत.

आणि ही जागा कशी झाली होती, ते त्या सगळ्यांना ठाऊक होते.

एकवीस वर्षांपूर्वी श्रावणात असा पूर आला की कस्ब्याच्या दोन्ही वाटा बुडाल्या. तेव्हा कस्ब्यातल्या जगन्नाथ भैयांची बहीण बिट्टन पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. दोन दिवस ती अडून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी एक हेलिकॉप्टर आले, तीन घिरट्या घातल्या आणि परत गेले. खाली पाणी, वर खडक, उतरायचे कुठे? संध्याकाळी बिट्टन गेली, मूलही गेले. पाणी ओसरल्यावर तिची आई, जिला सगळा कस्बा अम्मा म्हणतो, पहाटे एकटीच टोपली घेऊन टौरियावर चढली आणि वरचे दगड वेचून खाली टाकू लागली.  चौथ्या दिवशी तिच्या मागे शंभर माणसे होती. मग दर घरामागे एक दिवसाची मेहनत ठरली. सुरुंगवाले आले, खडक फुटले, माथा सपाट झाला. “ही जागा गावाची, आजाऱ्यांसाठी आणि पुरात अडकलेल्यांसाठी, कायम मोकळी ठेवावी,” हा ठराव नव्याने लागलेल्या लघाट्यांनी आपल्या हाताने लिहिला.

लघाट्यांना हेलिपॅडचे काम शिकवायला एक साहेब आले होते. साहेबांनी तीनच गोष्टी सांगितल्या. सुटी वस्तू ठेवू नका, माणसांना दूर ठेवा, आणि काही झाले तरी शेपटीकडे कोणाला जाऊ देऊ नका. तिथला छोटा पंखा फिरताना डोळ्यांना दिसत नाही. एकवीस वर्षांत पुरासाठी आणि आजाऱ्यांसाठी पाच वेळा हेलिकॉप्टर उतरले, पुढाऱ्यांसाठी एकसष्ट वेळा. वहीत प्रत्येक नोंदीच्या शेवटी एकच वाक्य होते: कोणास इजा नाही.

लघाट्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. जगन्नाथ भैया आता समितीचे चेअरमन होते. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले आणि बिदाई, म्हणजे तिची पाठवणी, हेलिकॉप्टरने करायची असे त्यांनी ठरवले. सासर ग्वाल्हेरचे, सडकेने तीन तासांवर.

“भैया, यह शादी के लिए नहीं बना,” लघाटे म्हणाले.

“किसके लिए बना, यह हमें मत पढ़ाओ बाबूजी. हमारी बहन गई थी.”

 लघाट्यांनी अटी घातल्या. पन्नास पावलांवर दोरी, दोरीच्या आत नवरी-नवरा सोडून कोणी नाही, फुले उधळायची नाहीत, शेपटीकडे कोणीही फिरकायचे नाही. जगन्नाथ भैया प्रत्येक अटीला “हओ, हओ” म्हणाले. ते हओ, म्हणजे हो, ऐकूनच यातले काही पाळले जाणार नाही हे लघाट्यांना कळले होते.

बिदाईच्या सकाळी दहा वाजता टौरियावर तीनशे माणसे होती. दोरी तंबूवाल्याने कनात बांधायला वापरून टाकली होती. हेलिकॉप्टर उतरायच्या पांढऱ्या गोलावर चहाचे कागदी पेले लोळत होते, एका कोपऱ्यात कोणाला तरी ओकारी झाली होती आणि तिच्यावर वर्तमानपत्र टाकून शेजारीच पाहुणे जिलेबी खात उभे होते.  लघाट्यांनी झाडू उचलला, पेले गोळा केले, ओकारीवर माती टाकून ती खरवडून काढली. एकाही माणसाने पाय उचलला नाही; नुसते थोडे सरकले.

हेलिकॉप्टरचा आवाज आला. वैमानिकाला उतरण्याची खूण म्हणजे ओल्या गवताचा धूर.

“बाबूजी, धुआँ करो,” जगन्नाथ भैया म्हणाले.

“पहले आदमी हटाओ.”

“अरे, ऊपर चक्कर काट रहा है.”

“काटने दो. पहले भी काट चुका है एक बार.”

हे बोलायला नको होते, असे त्यांना तोंडातून गेल्यावर वाटले. जगन्नाथ भैयांचा चेहरा उतरला, पण माणसे मागे हटली. लघाट्यांनी धूर केला. हेलिकॉप्टर खाली आले. धुळीत झेंडूच्या पाकळ्या, कागद, कोणाचा तरी फेटा, सगळे उडून लोकांच्याच तोंडावर बसले. वैमानिकाने इंजिन बंद केले नाही. नवरी बसली की निघायचे होते.

नवरी बसली. एका मावशीने समोरून वाकून पुढच्या चाकांखाली दोन लिंबे दाबून ठेवली, नवी गाडी निघताना ठेवतात तशी. एकाने भर गोलावर नारळ फोडला. लघाटे दात चावून उभे राहिले; समोरच्या बाजूला होते, चालवून घेतले.

पण बिदाईची एक रीत त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. नवरीची गाडी निघते तेव्हा माहेरची माणसे मागून हात लावून ती ढकलतात आणि चाकामागे पाणी ओततात. आमच्या हातांनी धाडली, असा त्याचा अर्थ. जीप असो, बस असो, बैलगाडी असो, मागून हात लागलाच पाहिजे. घरात सगळ्यात मोठी म्हणून पहिला हात अम्मांचा. पाण्याचा लोटा घेऊन, पदर डोळ्यांपर्यंत ओढून, वाऱ्यात वाकून अम्मा हेलिकॉप्टरच्या मागे निघाल्या. त्यांच्या पाठोपाठ नवरीचे दोन भाऊ.

लघाट्यांनी हाक मारली ती कोणाला ऐकू जाणार? ते धावले. अम्मांचे मनगट धरले आणि सगळ्या ताकदीने मागे ओढले. लोटा उडाला, अम्मा गुडघ्यांवर पडल्या, पदर डोक्यावरून खाली गेला. भाऊ थबकले. हेलिकॉप्टर वर उठले आणि निघून गेले; वैमानिकाला काही कळलेदेखील नाही.

धूळ बसली तेव्हा तीनशे माणसांना एवढेच दिसले की, बाबूने विधवा म्हातारीचा हात धरला आहे, तिचा पदर पडला आहे आणि शकुनाचे पाणी खडकावर सांडले आहे.

जगन्नाथ भैयांचा मेहुणा हरगोविंद पुढे आला आणि त्याने लघाट्यांच्या थोबाडीत मारली. पुढे कितीतरी दिवस लघाट्यांना मारापेक्षा गालाला लागलेला तो ओला हात आणि त्याचा गुटख्याचा वास आठवत राहिला. अम्मांना बायकांनी उचलून खाली नेले. 

त्या दिवशी लघाटे मोरीत तासभर होते. कांचनने दारातून विचारले, “अहो, पाणी संपलं असेल. काय झालं?”

त्यांनी सगळे सांगितले. जगन्नाथ भैयांचा निरोपही सांगितला: ‘गैरसावधपणे एका प्रतिष्ठित स्त्रीचा हात धरला, याबद्दल क्षमा मागतो,’ असे सहीनिशी लिहून द्यायचे. नाहीतर झाशीच्या सिविल लाइंसमधला वकील तयार आहे. तक्रार होईल आणि निवृत्तीचे कागद अडतील.

कांचनने देवापुढची वात सारखी केली. मग म्हणाली, “बाईचा हात धरला, असं तुम्ही लिहून दिलंत, तर उद्या देवळात बायका माझ्याकडे कशा बघतील ते तुम्हाला कळणार नाही. तुम्ही कशासाठी धरलात ते देवाला ठाऊक आहे.”

“देवाला ठाऊक असून भागत नाही. वहीत पाहिजे.”

“मग वहीत लिहा. दुसऱ्या कागदावर नको.”

दोन दिवस सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी लघाटे टौरियावर चढले. कोणी झाडू मारलेला नव्हता. नारळाच्या करवंटीत मुंग्या, खरकट्यावर कुत्री, आणि ती दोन लिंबे चिरडून वाळलेली, माश्यांनी भरलेली. त्यांनी आधी झाडले, मग हात धुतले, मग वही उघडून सगळी हकिकत वेळेसकट लिहिली. शेवटी नेहमीचे वाक्य लिहिले: कोणास इजा नाही.

शाई वाळते न वाळते तोच जगन्नाथ भैया आले. सोबत हरगोविंद आणि समितीचे तीन जण. माफीचा कागद टंकून आणला होता.

“दस्तखत करो बाबूजी. बात यहीं खतम.”

“नहीं करूँगा.”

“सोच लो. दो महीने हैं.”

“सोच लिया, भैया.”

तेवढ्यात खालून काठीचा आवाज आला. अम्मा चढत होत्या, एकट्या, दर दहा पावलांवर थांबत. जगन्नाथ भैया धावले, तर त्यांना हाताने बाजूला सारून त्या लघाट्यांपुढे येऊन उभ्या राहिल्या.

“लला, बेटा, हम कहाँ थे? बताओ.”

लघाट्यांनी त्यांना जागा दाखवली. अम्मा तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

“और वो पंखा?”

लिंबांचे डाग अजून दिसत होते. त्यांवरून अंदाज घेत लघाटे मागे सरकले आणि जिथे शेपटीचा पंखा होता तिथे थांबले. अम्मांनी काठी पुढे केली. काठीचे टोक लघाट्यांच्या छातीला टेकले.

मधे काठीएवढेच अंतर होते.

“हमाई बिट्टन को जो हेलिकॉप्टर मिलो नईं,” त्या हळूच म्हणाल्या, “हम ओई के पंखा में कटने वाले थे. धक्का देने.” मग जगन्नाथकडे न बघता म्हणाल्या, “किताब लाओ.”

लघाट्यांनी नोंद वाचून दाखवली. ‘मनगट धरून मागे ओढले’ या शब्दांपर्यंत ते आले. अम्मा म्हणाल्या, “आगे लिखो. पकड़ो, तब बचे.” ‘धरले म्हणून वाचले,’ लघाट्यांनी लिहिले. अम्मांनी अंगठा शाईत बुडवून खाली उठवला, दाबून, कागद ओला होईपर्यंत.

जगन्नाथ भैयांनी टंकलेला कागद घडी करून खिशात घातला.  सगळे खाली निघाले. निघता निघता हरगोविंदने मान वळवली आणि सवयीने, काही मनात नसताना, पांढऱ्या गोलावर गुटख्याची पिंक पचकन थुंकला.

लघाट्यांना शिसारी आली. मग त्यांनी टाकीतून बादली भरली, चिंधी घेतली, आणि दोन्ही हरगोविंदच्या पायांपाशी नेऊन ठेवली.

“ताज़ी है,” ते म्हणाले. “सिर्फ़ पानी से निकल जाएगी.”

हरगोविंदने मेहुण्याकडे बघितले. जगन्नाथ भैया कापडी नळ्याकडे बघत होते. वारा पडला होता, केशरी कापड खांबाला चिकटून लोंबत होते.

अम्मा उतरायच्या थांबल्या होत्या. एका खडकावर काठी आडवी ठेवून बसल्या, आणि हरगोविंद खाली वाकेपर्यंत उठल्या नाहीत.