बाकं न हलवता

"टीचर, आज पन बाकं फिरवली काय? सरळ करताना माजी कंबर जाते."

मावशी झाडू घेऊन दारात उभ्या होत्या. पनवेलची आमची शाळा दोन पाळ्यांत भरते. दुपारची मुलं यायच्या आत खोली झाडून बाकं रांगेत लावावी लागतात.

दोष माझा नव्हता. या टर्मपासून सगळ्यांनी विद्यार्थी-केंद्रित शिकवायचं, असं सर्क्युलर आलं होतं. म्हणजे शिक्षकाने कमी बोलायचं, मुलांनी गटात बोलून, करून शिकायचं. कमी बोलणं मला सहज जमणार होतं. पण पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं बाकं ओढण्यात जायची.

मग सुपरवायझर सरांनी बोलावलं.

"मॅडम, खाली ऑफिस आहे. केवढा आवाज."

"सर, ग्रुप करायला सांगितलंय."

"करा ना. बेंच हलवू नका."

"मग कसे करू?"

"ट्रेनिंगला तुम्ही गेला होतात ना?"

त्याच आठवड्यात सर माझा तास बघायला येणार होते. त्यावर माझं कन्फर्मेशन, म्हणजे नोकरी पक्की होणं, अवलंबून होतं. दोन दिवस मी वहीत बाकांचे नकाशे काढले. शेवटी सातवीच्या वर्गालाच विचारलं.

"व्हॅनमध्ये बसतो तसं बसू," सानिया म्हणाली. "पुढचे मागे तोंड करून."

एकाआड एक रांगेतली मुलं बाकावरच उलटी वळली. मागच्यांचं डेस्क मध्ये, दोन्हीकडे तीन-तीन मुलं. अर्ध्या मिनिटात सगळे ग्रुप तयार. मला स्वतःचाच राग आला.

सर आले त्या दिवशी धडा हवेचा होता. तळोज्याच्या कारखान्यांजवळून येणाऱ्या मुलांनी सकाळच्या वासाचा विषय काढला. वारा कुठून आला की वास येतो, यावर दोन ग्रुप भांडले. एरवी गप्प बसणारी मुलंही बोलली. मी जेमतेम चार वाक्यं बोलले असेन.

सरांनी फॉर्म हातात दिला. 'बाकांची रचना बदलली का?' या रकान्यात 'नाही' होतं. खाली शेरा: निम्म्या विद्यार्थ्यांची फळ्याकडे पाठ.

"सर, बेंच हलवू नका असं तुम्हीच म्हणालात."

"हो. पण फॉर्ममध्ये तसा रकाना आहे ना."

कन्फर्मेशन पुढच्या टर्मवर गेलं. मावशी मात्र खूश होत्या.

आता नवं काही सुरू करताना मी आधी मुलांना विचारते. आणि त्याच्याही आधी फॉर्म मागून घेते.