भरून दिलेला डबा

माझी बायको धम्मदीना हॅमिल्टनच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश आहे. सांगताना माझी छाती फुगते, पण तिच्या खुर्चीची धास्ती तिच्यापेक्षा मलाच जास्त. लहानपणी ती नागपूरहून आई-वडिलांबरोबर इथे आली, ओटाहुहू नावाच्या उपनगरात वाढली, ज्यांना वकील परवडत नाही त्यांची वकिली करत राहिली आणि पन्नाशीच्या आत खुर्चीवर बसली.

खुर्ची आली आणि माणसं तुटली. उद्या कोण समोर उभं राहील सांगता येत नाही, म्हणून भीमजयंतीलाही ती बुद्धवंदना झाली की न जेवता निघते. मी 'ते रापा' भागातल्या दूध कारखान्यात इंजिनिअर, मला तिथे गप्पा मारायला लोक आहेत. माझ्या आईला, लीलाबाईंना, दिवसभर कुणीच नाही.

परवा आम्ही दोघं घरी आलो तर आई खुशीत होती.

"स्नेहलता म्हणून कुणी बाई आली होती. पुरणपोळ्या देऊन गेली. किती दिवसांनी मराठीत पोटभर बोलले. रिकामा डबा कसा परत करायचा, म्हणून बेसनाचे लाडू भरून दिले."

धम्मदीनाने पर्स खाली ठेवली. "आई, तिचा नवरा काय करतो?"

"कोपऱ्यावरची डेअरी, ते किराणा दुकान, चालवतो म्हणाली. सुधाकर."

सुधाकर तिच्या कोर्टातला आरोपी होता. दुकानात कामाला असलेल्या सिद्धीला त्याने मारहाण केल्याचा खटला अर्ध्यावर आला होता. सिद्धीची साक्ष आदल्या दिवशीच संपली होती, आणि ती देणं तिला फार जड गेलं होतं.

मी पटकन म्हणालो, "कुणाला कळणार आहे? डबा आला, डबा गेला. गप्प बस ना."

"त्याला सोडलं तर सिद्धीला वाटेल, डबा पोचला. शिक्षा दिली तर ती गुन्ह्याबद्दल की माझे हात स्वच्छ दाखवायला, हे मलाच कळणार नाही." तिने पुरणपोळ्यांचं ताट बाजूला सारलं. "पण मी बाजूला झाले तर खटला पहिल्यापासून. त्या मुलीला परत उभं राहावं लागेल, जयवंत."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कोर्टात मागे जाऊन बसलो. तिने पुरणपोळ्यांपासून लाडवांपर्यंत सगळं भर कोर्टात सांगितलं आणि खटला सोडला. सिद्धीने शेजारच्या बाईला विचारलं, "म्हणजे परत सगळं सांगायचं?" ते मला ऐकू आलं, तसं धम्मदीनालाही आलंच असणार. पण खुर्चीवरून उत्तर देता येत नाही.

संध्याकाळी आई दारातच उभी होती. मी फोनवर सगळं सांगितलं होतं.

"दीना, माझ्यामुळे त्या पोरीला त्रास. तिला थोडे लाडू पाठवू का गं?"

धम्मदीनाने आईचा हात धरला.

"नको, आई. तिला आता मी काहीच देऊ शकत नाही."